आईसोबत स्वित्झर्लंडला: विमा, औषधे आणि एक दवाखाना

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत एकाच परवान्यावर फिरू देणाऱ्या व्हिसासाठी, प्रवास विमा अनिवार्य असतो. त्यात किमान 30,000 युरोंचे संरक्षण लागते, ते सर्व शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या पूर्ण काळात लागू असावे लागते आणि तातडीचे उपचार, रुग्णालयातला खर्च व मायदेशी परत आणण्याचा खर्च त्यात धरलेला असावा लागतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसला, तरी शेंगेनमध्ये असल्याने तिथेही हीच अट आहे. मात्र तिची पूर्तता करणारी पॉलिसी सत्तरी ओलांडलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माझ्या आईला पुरेशी ठरेलच असे नव्हते.

म्हणून प्रीमियमच्या आधी मी पॉलिसीच्या अटी वाचल्या. पूर्वीपासून असलेल्या आजारावर काही कंपन्या काहीच देत नाहीत, तर काही फक्त जिवाला धोका असेल तेव्हाच देतात. ज्येष्ठांच्या पॉलिसींत खोलीचे भाडे, शस्त्रक्रिया अशा खर्चांवर स्वतंत्र मर्यादाही असू शकतात, त्यामुळे वरचा मोठा आकडा फसवा ठरतो. प्रस्तावात आईचा रक्तदाब आम्ही स्पष्ट नोंदवला, कारण लपवलेला आजार उघड झाला की दावाच नाकारला जाऊ शकतो. थोडा जास्त हप्ता भरून उपमर्यादा नसलेली पॉलिसी घेतली, आणि हा खर्च मला विमानाच्या तिकिटाइतकाच आवश्यक वाटतो.

पुण्यातल्या डॉक्टरांकडून औषधांची चिठ्ठी इंग्रजीत आणि मूळ घटकांच्या नावांनी लिहून घेतली. आपल्याकडची व्यापारी नावे तिकडच्या औषधविक्रेत्याला ओळखता येतीलच असे नाही. अम्लोडिपिन हे रक्तदाबाच्या औषधाचे मूळ नाव मात्र त्याला लगेच समजते. गोळ्या मूळ वेष्टनात, हातातल्या बॅगेत ठेवल्या.

लाउटरब्रुनेनला पायऱ्या उतरताना आईचा पाय घसरला आणि मनगट सुजले. रुग्णवाहिकेसाठी तिथे 144, तर सर्वसाधारण आणीबाणीसाठी 112 हा क्रमांक आहे, पण आई नीट बोलत होती, चालत होती. म्हणून आधी विमा कंपनीच्या चोवीस तास चालणाऱ्या मदत क्रमांकावर फोन केला, दाव्याचा क्रमांक मिळवला आणि मगच इंटरलाकेनला डॉक्टरांकडे गेलो. रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर कंपनी रुग्णालयाला थेट खर्चाची हमी देणार होती. बाह्यरुग्ण उपचारांचे पैसे मात्र आपण भरून नंतर मागायचे होते. एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसले. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि माझ्या विनंतीवरून अहवाल जर्मनऐवजी इंग्रजीत दिला.

पुढे युंगफ्राउयोखचा बेत होता. ते डोंगरावरचे रेल्वे स्थानक 3,454 मीटरवर आहे, आणि तिथल्या श्वासात समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच प्राणवायू मिळतो. निघण्यापूर्वीच आमच्या डॉक्टरांनी आईची तपासणी करून परवानगी दिली होती, पण वर घाई करू नका, चक्कर किंवा धाप लागली तर लगेच खाली या, असेही बजावले होते. आम्ही वर बहुतेक वेळ बसून काढला. आईने हिमनदी काचेआडून मनसोक्त पाहिली.

परतल्यावर बिल, पैसे भरल्याची पावती, वैद्यकीय अहवाल, पासपोर्टच्या प्रती आणि बोर्डिंग पास जोडून दावा पाठवला. पॉलिसीत ठरलेली, आपण सोसायची रक्कम वजा करून उरलेले पैसे कंपनीने आईच्या खात्यात जमा केले.