वाइनवर जुनी अक्षरजुळणी: जोडाक्षरं परत मिळाली

बाबांच्या छापखान्यातल्या लग्नपत्रिका आणि स्मरणिकांच्या फायली उघडायच्या, एवढ्यासाठी हा उद्योग सुरू केला. त्या उघडणारा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम १९९८ चा, विंडोजसाठी केलेला, ३२ बिटी. माझ्या मशीनवर लिनक्स आहे, म्हणून वाइन, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर.

आधी वेगळा प्रिफिक्स केला, म्हणजे वाइनचं खोटं विंडोज ठेवणारा फोल्डर. नेहमीच्या प्रिफिक्समध्ये प्रयोग करू नका. बिघडलं तर फोल्डर उडवून पुन्हा सुरुवात करता आली पाहिजे.

पहिल्यांदा खिडकीच उघडेना. टर्मिनलवरून चालवल्यावर 'फिक्समी'च्या, म्हणजे वाइनमध्ये अजून अपुऱ्या असलेल्या गोष्टींच्या, ओळींचा पाऊस पडला. त्या बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, नजर 'एरर'च्या ओळींवर ठेवायची. तिथे स्पष्ट होतं: एमएफसी४२ डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारी विंडोजची एक सामायिक फाइल, सापडत नाही. मी ती फाइल सिस्टम३२ मध्ये टाकली, तरी तोच एरर. ६४ बिटी प्रिफिक्समध्ये ३२ बिटी डीएलएल सिसवाव६४ मध्ये असाव्या लागतात. नावं अगदी उलटी वाटतात. शेवटी वाइनट्रिक्स या मदतनीस स्क्रिप्टनं तीच फाइल बरोबर जागी बसवली आणि खिडकी उघडली.

खरी झुंज पुढे होती. फॉन्ट घातले, फाइल उघडली. क, म, ल व्यवस्थित. पण क्ष, त्र, रफार, कितीतरी जोडाक्षरं यांच्या जागी चौकोन. तीन संध्याकाळी फॉन्टवरच संशय घेतला, दोनदा नव्यानं बसवले. मग त्या फॉन्टचा तक्ता उघडून एकेक अक्षर तपासलं. तक्त्यात प्रत्येक अक्षराचं एक क्रमांकाचं घर असतं. दिसणारी सगळी अक्षरं १२८ च्या खालच्या घरांत, गायब झालेली सगळी वरच्या घरांत! तिथे उलगडा झाला.

युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या आजच्या सामायिक संकेताच्या, आधीच्या या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. प्रोग्रॅम गृहीत धरतो की मशीनचं कोडपेज, म्हणजे बाइटवरून अक्षर ठरवणारा तक्ता, १२५२ आहे, म्हणजे एक बाइट म्हणजे एक घर. मराठीला विंडोजमध्ये असं जुनं कोडपेज कधी नव्हतंच, आणि माझ्या लिनक्सचं लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंग, मी हौसेनं मराठी ठेवलेलं. त्यामुळे वाइन १२५२ ऐवजी यूटीएफ-८, म्हणजे युनिकोडचीच एक मांडणी, वापरत होतं. यूटीएफ-८ मध्ये १२८ च्या वरचा एकटा बाइट वैध अक्षर ठरत नाही, म्हणून चौकोन.

वाइनसर्व्हर (वाइनचा मागे चालणारा भाग) पूर्ण बंद केला आणि एलसी_ऑल या लोकेल ठरवणाऱ्या व्हेरिएबलला अमेरिकन इंग्रजी लोकेल देऊन, फक्त याच प्रोग्रॅमपुरतं, पुन्हा चालवलं. पहिल्याच पत्रिकेवर 'श्री गणेशाय नमः' अखंड उमटलं. बाबांना लगेच बोलावून दाखवलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि एकामागून एक फायली उघडायला लावल्या.

जुन्या मराठी फॉन्टचं काही वाइनवर चालवत असाल आणि फक्त जोडाक्षरंच जात असतील, तर फॉन्ट बदलण्याआधी लोकेल बघा. माझे तीन दिवस तिथेच गेले.

आता छपाई अडली आहे. कागदावर डावा समास कापला जातोय. पुढची नोंद त्यावर.