डोंबिवली ते मंत्रालय: माझ्या व्यायामाची सोय

रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी केली, तर आकडा ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. माहेरी आई आणि मामा दोघांनाही मधुमेह, त्यामुळे पोटात गोळाच आला. डॉक्टर म्हणाल्या, "गोळ्या आत्ता नकोत. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चाला, दोन दिवस ताकदीचा व्यायाम करा आणि तीन महिन्यांनी परत या."

दीडशे मिनिटं आणायची कुठून? मी डोंबिवलीला राहते, ऑफिस मंत्रालयाजवळ. सकाळी डबे, सासूबाईंचा नाश्ता, लेकीची शाळा, मग जलद लोकल. घरी यायला साडेसात. पहाटे उठून फिरायला जा, असं प्रत्येकजण सांगतो. पण झोपायलाच साडेअकरा होतात. झोप कमी पडली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणजे ज्याच्यासाठी चालायचं तेच बिघडायचं. जिमची बॅच रात्री आठची, आणि ती वेळ लेकीच्या अभ्यासाची. दोन्ही पर्याय सोडून दिले.

तोडगा निघाला सीएसएमटीला. स्टेशनबाहेर शेअर टॅक्सीच्या रांगेत उभं राहायचं, मग टॅक्सीत सिग्नल मोजत बसायचं. तेवढ्याच वेळात पायी पोहोचता येतं का, हे एकदा घड्याळ लावून पाहिलं. फोर्टमधून हुतात्मा चौक, ओव्हल मैदान मधल्या वाटेने ओलांडायचं, पुढे मंत्रालय. पावणेतीस मिनिटं. पाच दिवसांचे जवळजवळ दीडशे झाले की! सकाळी ओव्हलवर क्रिकेटचा सराव चाललेला असतो, एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर. टॅक्सीतून हे कधी दिसलंच नव्हतं. वेग कसा ठरवायचा, तर बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पर्समध्ये चपला, पायात बूट, आणि एक जादा कुर्ता ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. घामाचा प्रश्न तेवढ्यावर सुटला.

ताकदीच्या व्यायामाला मात्र मला वेळ लागला. बायकांना चालणं पुरे, असा आपल्याकडे समज आहे आणि तो मला आता अजिबात पटत नाही. जेवणानंतर रक्तात येणारी साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच उचलतात. शिवाय चाळिशीनंतर स्नायू झिजत जातात, ते निराळंच. मी ही वेळ कुकरच्या शिट्ट्यांत बसवली. ओट्याला हात टेकून, पाय मागे घेऊन, छाती ओट्यापर्यंत नेत जोर काढायचे. एक शिट्टी झाली की खुर्चीवर बसून हात न टेकता उठायचं. सुरुवातीला मांड्या इतक्या भरून आल्या की लोकलच्या पुलाचे जिने उतरताना कठडा धरावा लागे. आठवडाभरात ते थांबलं. रविवारी सूर्यनमस्कार, तेही लेकीबरोबर.

घरच्यांशी स्पष्ट बोलले, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. रात्रीच्या जेवणानंतर भांडी आवरणं नवऱ्याने घेतलं आणि मी सोसायटीतच दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या मारू लागले. "तू जा गं, कुत्रा-मांजर आत येणार नाही, मी बसलेय दारात," असं सासूबाई स्वतःहून म्हणाल्या. हा आधार नसता, तर ओव्हलचा रस्ता सापडूनही माझं गाडं अडलं असतं.

पावसाळ्यात अडचण आलीच. पाणी तुंबलं की टॅक्सी किंवा बस. त्या दिवशी ऑफिसमध्ये लिफ्ट सोडून जिना चढते, तोही जमेल तेवढाच, आणि संध्याकाळी परतताना पाऊस उघडला तर स्टेशनपर्यंत चालत जाते. आठवड्याचा हिशेब आठवड्यात भरून काढायचा, रोजचा रोज नाही, हे ठरवल्यापासून एखादा दिवस चुकला तरी नेम मोडत नाही.

तीन महिन्यांनी आकडा ५.८ आला. आकडा उतरला, पण अजून मी उंबरठ्यावरच आहे. आता डॉक्टरांनी जोर ओट्याऐवजी पलंगाच्या कडेवर काढायला सांगितलेत. ते जास्त कठीण आहेत, आणि या सोमवारपासून सुरू केलेत.