आमची वाटचाल : मागची खोली, नऊ ते सहा

पुस्तकांची मांडणी आणि मुद्रितशोधन हा आमचा व्यवसाय. लेखकाकडून किंवा प्रकाशकाकडून मजकूर येतो आणि छपाईला लावता येईल अशी फाइल आमच्याकडून जाते. मधली अक्षरजुळणी, प्रुफं, मुखपृष्ठ, सगळं घराच्या मागच्या खोलीत होतं. मी आणि माझ्या नवऱ्याने मिळून हे सुरू केलं. आता एक मुद्रितशोधक आमच्याबरोबर आहे, ती तिच्या घरून काम करते.

घरून धंदा म्हटलं की ही माणसं आरामात उठत असतील, असं लोकांना वाटतं. आमचा अनुभव उलटा आहे. काम सुरू करणं कधी जड गेलं नाही, थांबवणं जातं. रात्री पाणी प्यायला उठलं तरी पडद्यावर अर्धवट प्रकरण दिसतं आणि ‘एवढं एकच पान’ म्हणून माणूस बसकण मारतो. काम हे त्याला मिळालेल्या वेळेइतकं फुगत जातं, असं सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश इतिहासकाराने 1955 मध्ये एका लेखात मांडलं होतं. त्याचा रोख सरकारी कचेऱ्यांवर होता, पण घरगुती व्यवसायाला ते जास्त लागू पडतं. कचेरीला निदान संध्याकाळी कुलूप लागतं!

म्हणून आम्ही आधी बंद करायची वेळ ठरवली, सुरू करायची नंतर. सहा वाजता दिवसभराच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर जाते आणि एका साध्या रजिस्टरमध्ये उद्याचं पहिलं काम लिहिलं जातं. ‘सातवं प्रकरण, पान 112, तळटीप पुढच्या पानावर पळतेय’ अशी नेमकी नोंद. ‘सातवं प्रकरण पुढे चालू’ असं लिहिलेलं चालत नाही, कारण सकाळी ते वाचून काहीच सुरू होत नाही, फक्त मेल उघडली जाते. आणि सकाळी नऊला मेल उघडली की अकरा वाजलेच म्हणून समजा.

खोलीचं दार हा पुढचा मुद्दा. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत 2010-11 च्या सुमारास एक प्रयोग झाला. कॉल सेंटरमधल्या इच्छुक कर्मचाऱ्यांपैकी काहींना घरून काम दिलं, काहींना ऑफिसातच ठेवलं. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी 13 टक्क्यांनी सुधारली. हा आकडा सगळे सांगतात. त्यातली अट मात्र फारसं कोणी सांगत नाही: घरात विनाव्यत्यय बसता येईल अशी खोली असणाऱ्यांनाच त्यात घेतलं होतं. शिवाय पुढे निवड करायला दिल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकी बरेच जण ऑफिसात परतले, एकटं वाटतं म्हणून. आम्ही दोघं असल्यामुळे एकटेपणाची अडचण नाही, पण खोलीची अट शंभर टक्के पटते. दार लावलेलं असलं की काम चालू, हे घरातल्या सगळ्यांना कळतं. नुसती जेवणाच्या टेबलाची एक बाजू अडवून बसलं की ते कोणालाच कळत नाही, आपल्यालाही नाही.

शेजारीपाजारी आणि नातेवाईक यांना दार दिसत नाही. ‘घरीच असतेस ना, मग जरा…’ या वाक्यापुढे काहीही येऊ शकतं. पार्सल घेऊन ठेव, मुलाला तासभर बघ, भाच्याचा बायोडाटा टाइप करून दे. यावर नकार देत बसण्यात नाती दुखावतात. मी फक्त ‘सहानंतर’ म्हणते. निम्मी कामं सहापर्यंत आपोआप दुसऱ्या कोणाकडून होऊन जातात. गंमत म्हणजे हे सर्वांत पक्कं सासूबाईंनी उचललं. दारावर कोणी आलं की त्या पायरीवरूनच सांगतात, “ती कामावर गेलीय, सहाला या.” मी आतल्या खोलीत असते.

ग्राहकाशी वागताना घरगुतीपणा सर्वांत महाग पडतो, विशेषतः ओळखीच्या ग्राहकाशी. आमच्या अंदाजपत्रकात दोनदा प्रूफ येतं, तिसऱ्याचे वेगळे पैसे, आणि अंतिम प्रुफावर सही झाली की मजकूर बंद. मैत्रिणीचा कवितासंग्रह असला तरी हाच कागद तिला जातो. ‘अगं, फक्त चार ओळी घालायच्यात’ हे शेवटच्या प्रुफानंतर हमखास येतं, आणि तो कागद नसेल तर भांडणाला पर्याय उरत नाही. चार ओळी म्हणजे काय, ते सांगते. समजा, पुस्तक बरोबर 240 पानांचं आहे, म्हणजे 16 पानी 15 फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा म्हणजे फर्मा). चार ओळींनी शेवटच्या पानावरचा मजकूर 241व्या पानावर गेला की आणखी एक फर्मा लावायचा तर पुस्तक 256 पानांचं होतं. कागदाची जाडी 0.1 मिलिमीटर धरली तर पाठपोट छापलेल्या 120 कागदांचा 12 मिलिमीटरचा कणा, म्हणजे पुस्तकाची पाठ, आता 12.8 होतो. मुखपृष्ठाची फाइल पुन्हा करायची, अनुक्रमणिकेतले आकडे पुन्हा तपासायचे, आणि वाढलेली कोरी पानं कशाने भरायची यावर लेखकाशी आणखी एक फोन. हे एकदा ग्राहकाला समोर बसवून दाखवलं की तो सही करण्याआधी पुस्तक खरोखर वाचतो.

उशीर होणार असेल तर तारखेच्या आदल्या दिवशी नव्हे, कळल्या दिवशी कळवायचं. यात विशेष सांगण्यासारखं काही नाही, पण न पाळणारे फार दिसतात.

पैशांबाबत हिशेबशास्त्राचा पहिलाच नियम धरला: धंदा वेगळा, मालक वेगळा. फर्मचं बँक खातं स्वतंत्र. घरखर्चासाठी काढलेली रक्कम ‘उचल’ म्हणून लिहायची, महिन्यातून एकदा आणि ठरलेली. वीज आणि इंटरनेटचं बिल घर आणि फर्म यांच्यात ठरलेल्या प्रमाणात वाटतो. हे केलं नाही तर वर्ष बरं गेलं की वाईट, हेच सांगता येत नाही. खात्यात पैसे दिसतात, पण ते पुढच्या पुस्तकाची आगाऊ रक्कम असते.

नवरा-बायको भागीदार असले की एक भलतीच पंचाईत होते. सूचना तोंडी दिल्या जातात आणि तोंडीच विसरल्या जातात, मग ‘मी सांगितलं होतं’ आणि ‘तू सांगितलंच नव्हतंस’ याचा निवाडा करायला तिसरं कोणी नसतं. त्यामुळे तो दोन हातांवर बसलेला असला तरी दुरुस्ती मी मेलवर पाठवते. सुरुवातीला त्याला हे हास्यास्पद वाटायचं. मुद्रितशोधक आल्यावर त्याचा खरा उपयोग दिसला, कारण तिला आमचं बोलणं ऐकू जात नाही, पण मेल तिलाही जाते. तिचे कामाचे तास तिचे तिने ठरवलेत, लहान मूल आहे तिचं. आमची अपेक्षा एवढीच की दुपारी बारापर्यंत आलेल्या मेलला त्याच दिवशी उत्तर यावं.

आता आणखी एक माणूस लागणार आहे आणि मागच्या खोलीत तिसरी खुर्ची मावत नाही. नवऱ्याला वाटतं, बाहेर जागा भाड्याने घ्यावी. मला वाटतं, नव्या माणसानेही त्याच्या घरूनच काम करावं. भाडं, जायचा-यायचा वेळ आणि वाढणारं काम यांचा हिशोब मांडून दे, मग बोलू, असं मी त्याला मेलवर कळवलं आहे.