तुम्ही विचारलंत म्हणून: शॉटगनमधून पळायचं कशाला?

मी इथे लहान मुलांना अमेरिकन फुटबॉल शिकवतो. शॉटगन ही त्यातली एक मांडणी: सेंटर, म्हणजे रांगेच्या मधला खेळाडू, चेंडू पायांमधून मागे टाकतो (हाच स्नॅप) आणि चाल चालवणारा क्वार्टरबॅक तो काही यार्ड मागे उभा राहून घेतो. मग एक तर पास फेकायचा, नाहीतर चेंडू हातात धरून पुढे पळायचं. गणपतीत मंडळात भेटणारे पालक हमखास विचारतात, "शॉटगन तर पाससाठी असते ना? मग तुमची पोरं त्यातून सारखी पळतात का?" डॅलसच्या या भागात हा समज पक्का आहे आणि त्याला कारणही आहे. १९७५ मध्ये इथल्या काउबॉइज संघाचे प्रशिक्षक टॉम लँड्री यांनी अडगळीत पडलेली शॉटगन परत आणली, ती त्यांचा क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबाकला पास फेकायला थोडा जास्त वेळ मिळावा म्हणून. इथल्या आजोबा लोकांच्या डोळ्यांसमोर अजून तेच आहे.

पण लांबून स्नॅप घेऊन पळणं त्याहून कितीतरी जुनं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रशिक्षक पॉप वॉर्नर यांच्या सिंगल विंग नावाच्या मांडणीत सेंटर मागे उभ्या असलेल्या धावणाऱ्याकडे थेट चेंडू टाकायचा. मी जे शिकवतो ते त्याच्याच घराण्यातलं आहे.

माझ्याकडची मुलं नऊ-दहा वर्षांची, समोरच्यांपेक्षा बहुतेक वेळा किरकोळ. त्यामुळे मला माणसं मोजावी लागतात. क्वार्टरबॅक सेंटरला चिकटून उभा राहिला, चेंडू घेऊन रनिंग बॅकच्या, म्हणजे पळणाऱ्या मुलाच्या, हातात दिला, की त्याचं काम संपलं. समोरच्यांना रोखून धरणारे ब्लॉकर उरले नऊ, समोर अकरा जण. शॉटगनमध्ये चेंडू घेणारा स्वतःच पळाला तर ब्लॉकर दहा होतात. या वयात तो एक जास्तीचा ब्लॉकर फार मोठा असतो.

मात्र हे सगळं स्नॅपवर उभं आहे. मोठे खेळाडू पाच यार्डांवर उभे राहतात, आम्ही चारवर. फिरकी घेत जाणारा वेगवान स्नॅप आम्ही टाकत नाही. चेंडूचं पुढचं टोक धरायचं, मनगट घट्ट ठेवायचं आणि हात सरळ मागे न्यायचा. चेंडू न फिरता, तरंगत येतो. दिसायला आळशी दिसतो, पण लहान हातांत बसतो. डोक्यावरून गेलेल्या एका स्नॅपमध्ये पंधरा यार्ड जातात आणि सेंटरच्या डोळ्यांत पाणी येतं, म्हणून सरावाची सुरुवात रोज इथूनच.

या स्नॅपचा दुसरा फायदा जास्त मोलाचा: सेंटरला पायांमधून मागे बघावं लागत नाही. १९६१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक रेड हिकी यांची शॉटगन जोरात होती, त्यांचा क्वार्टरबॅक बिली किल्मर तिच्यातून पळतही होता. मग शिकागो बेअर्स संघानं आपल्या बचावपटूला, बिल जॉर्जला, थेट सेंटरसमोर आणून आत घुसवलं. मागे बघत स्नॅप टाकणारा सेंटर त्याला अडवणार कसा? बेअर्स ३१-० ने जिंकले. माझ्या सेंटरची मान वर हवी ती याचसाठी. शिवाय त्याच्या दोन्ही बाजूंचे ब्लॉकर, म्हणजे गार्ड, त्याला अगदी चिकटून उभे राहतात.

शॉटगनची खरी अडचण रनिंग बॅकची. जुन्या आय फॉर्मेशनमध्ये तो सात यार्ड मागून वेग घेऊन येतो. इथे तो क्वार्टरबॅकच्या शेजारी नुसता उभा असतो. उभ्या मुलाला चेंडू मिळाला की तो आधी मागे वळतो, मग कडेने लांब वळसा घेतो आणि पकडला जातो. म्हणून मी आमच्याकडे खो-खोचा नियम लावलाय: खो मिळाल्यावर पाऊल ज्या बाजूला पडलं ती दिशा बदलायची नाही. फुटबॉलमध्ये असा नियम नाही, पण मुलांनी तो मान्य केलाय. वेग हवा असेल तेव्हा जेट स्वीप नावाची चाल. कडेचा मुलगा स्नॅपच्या आधीच आडवा पळत सुटतो आणि चेंडू मिळतो तेव्हा पूर्ण वेगात असतो. बाकी वेळ पॉवर नावाची चाल. चेंडू जाणार त्याच्या उलट बाजूचा गार्ड तिथून निघून पुढे वाट काढतो. एवढंच पुरतं.

"मग झोन रीड का नाही?" हे टीव्हीवर सामने बघणाऱ्या बाबांचं. नव्वदच्या दशकात प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझ यांनी ग्लेनव्हिल स्टेट कॉलेजात रुजवलेली ही युक्ती मला फार आवडते. कडेच्या बचावपटूला मुद्दाम ब्लॉक करायचं नाही, तो कुठे जातो ते बघून क्वार्टरबॅकनं चेंडू द्यायचा किंवा स्वतः ठेवायचा. पण नऊ वर्षांच्या मुलानं स्नॅप झेलायचा, तो गडी बघायचा आणि चेंडू घ्यायला पोटाशी आलेल्या मित्राबद्दलही ठरवायचं? चेंडू जमिनीवर पडतो. माझ्याकडे तो निर्णय मी बाहेरून सांगतो: दे किंवा ठेव. बचावाला ते कळत नाही, त्याला दोन्ही सारखंच दिसतं. रीड मिडल स्कूलमध्ये शिकतील.

आणि एकच यार्ड हवा असेल तर शॉटगन नाही. तेव्हा क्वार्टरबॅक सेंटरला चिकटतो, चेंडू हातात आला की दोघे मिळून पुढे घुसतात. तिथे चार यार्ड मागे उभं राहण्यात काय अर्थ आहे?