जादा खांब

गल्लीत मला अजून 'बोर्डातले' म्हणूनच ओळखतात. २००५ साली एमएसईबीच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, आम्ही महावितरणचे झालो, पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव बदललं. लोकांच्या तोंडातलं काही बदललं नाही. आधी लाइनमन, मग ३३/११ केव्ही सबस्टेशनला ऑपरेटर, अशी चौतीस वर्षं गेली. म्हणून धाकटीने घरच्या घरी कॉम्प्युटर जोडायचं काढलं तेव्हा मी म्हणालो, "त्यात काय, विजेचंच तर काम." हिने तेव्हाच माझ्याकडे एकदा बघून घेतलं होतं.

सामान पुण्याहून, तपकीर गल्लीतून आणलं. कॅबिनेटचं खोकं स्वारगेट ते कराड एसटीत माझ्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "याचं हाफ काढू का?" आत रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, मायक्रो एटीएक्स मापाचा बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम आणि सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, म्हणजे ५५० वॅटचा एसएमपीएस. ग्राफिक कार्ड वेगळं घ्यायचं नाही, ते प्रोसेसरच्या पोटातच आहे, हे लेकीने मला तीनदा सांगितलं. तिच्या कॉलेजच्या ड्रॉइंगला तेवढं पुरतं म्हणे.

शनिवारी जेवणं उरकून दोघं बसलो. प्रोसेसर तिने बसवला, माझा हात थोडा थरथरतो. पत्र्याचं आणि पान्याचं काम माझ्याकडे. संध्याकाळी पावणेआठला तिने बटण दाबलं. पंखा पाव फेरा फिरला आणि जागच्या जागी थांबला. पुन्हा दाबलं, काही नाही. धरून ठेवलं, तरी काही नाही.

सबस्टेशनची एक खोड अंगात मुरली आहे, काही झालं की आधी वेळ लिहायची. जुन्या वहीत लिहिलं : १९.४५, ट्रिप.

ट्रिप म्हणजे पुढे फॉल्ट आहे म्हणून पुरवठा आपोआप सुटणं. तेव्हा हा शब्द सवयीने लिहिला, विचार करून नव्हे. विचार केला असता तर पुढचे दीड तास वाचले असते. ते गेले कॅबिनेटच्या समोरच्या बटणाच्या वायरींत. मदरबोर्डच्या कोपऱ्यात पिनांच्या दोन ओळी असतात, दहाची जागा आणि पिना नऊ. दहावी मुद्दाम ठेवलेली नसते, दिशा कळावी म्हणून. त्यातली सहावी आणि आठवी पॉवर बटणाची, पाचवी आणि सातवी रिसेटची. माहितीपुस्तिकेतलं चित्र मोहरीएवढं. मी भिंग धरायचो, ती टॉर्च धरायची, आणि दोघं एकमेकांच्या उजेडात यायचो. तिच्या मैत्रिणीने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, रॅम काढून घाला. काढून घातली. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, एसएमपीएस गेला असेल, पाठवून द्या.

तो परत पॅक करायचा म्हणून मी भिंतीतली पिन काढली. मग, का कोण जाणे, पाच मिनिटांनी परत लावून बटण दाबलं. पंखा परत पाव फेरा. परत थांबला. परत सगळं मुकं.

हे मी हजारदा पाहिलं आहे. पावसाळ्यात झाडाची फांदी तारेवर पडली की फीडर, म्हणजे सबस्टेशनमधून निघणारी लाइन, ट्रिप होतो. फॉल्ट ओळखून ब्रेकर सोडवतो तो रिले. ऑपरेटर त्या रिलेचा फ्लॅग, म्हणजे काय झालं ते दाखवणारी खूण बघतो, रिसेट करतो, थोड्या वेळाने लाइन परत चालू करून एक ट्रायल घेतो. ब्रेकर लागतो आणि लगेच सुटतो. आम्ही म्हणतो, 'होल्ड होत नाही.' मेलेला फीडर असा वागत नाही. ब्रेकर सुटतो कारण पुढे कुठेतरी फॉल्ट उभा आहे आणि रिले जागा आहे. एसएमपीएस तसंच करत होता. चालू व्हायचा, पुढे शॉर्ट बघायचा, स्वतःला बंद करून लॅच होऊन बसायचा. भिंतीतली पिन काढून ठेवली की तो लॅच सुटायचा आणि मला एक ट्रायल मिळायची.

लेकीला म्हटलं, "पाठवायचा नाही. पेट्रोलिंग करायचं."

"म्हणजे?"

"लाइन तोडत जायची. एकेक भाग सोडवून फॉल्ट कुठे आहे ते बघायचं."

आधी 'एलसी'. लाइन क्लिअर घेतल्याशिवाय खांबावर चढायचं नाही, हे आमच्यात शाळेच्या प्रार्थनेसारखं आहे. घरात त्याचा अर्थ एवढाच, की भिंतीतली पिन काढून ती सगळ्यांना दिसेल अशी टेबलावर ठेवायची आणि मग बटण पाच-दहा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. आम्ही तारेला डिस्चार्ज रॉड लावतो त्याचाच हा धाकटा भाऊ. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरवर साडेतीनशे-चारशे व्होल्ट डीसी असतं आणि पिन काढल्यावरही ते काही वेळ तिथेच असतं. ते माझं क्षेत्र असूनही मी उघडला नाही.

एसएमपीएसच्या सगळ्या वायरी सोडवल्या. आता तो एकटा चालतो का बघायचं. २४ पिनांच्या मोठ्या प्लगमध्ये एक पिन असते, सोळावी. ती अर्थला टेकवली की तो चालू होतो. जुन्या एसएमपीएसमध्ये ती वायर हिरवी असायची. हल्ली दिसायला छान म्हणून सगळ्या वायरी काळ्या करतात. ज्याने हे ठरवलं त्याला एकदा अंधारात जंपर जोडायला बसवला पाहिजे. मग मोजत गेलो. खटका असलेल्या बाजूची ओळ, तेराव्या पिनेच्या टोकाकडून चौथी. तिच्या दोन्ही शेजारणी अर्थ. यू-पिन सापडेना, तेव्हा हिच्या केसांचा आकडा घेतला. लोड म्हणून एक पंखा लावला, आकडा बसवला, वीज दिली. पंखा फिरला आणि फिरत राहिला. मीटरवर १२.०८, ५.०४, ३.३३.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. आकडा काढून पंखा थांबवला तरी नवव्या पिनेवर ५ व्होल्ट होतेच. यंत्र झोपलेलं असतानाही एवढी वीज जागी असते, म्हणून तर बटण दाबलेलं कळतं. सबस्टेशनची सगळी एसी गेली तरी बॅटरी सेटच्या डीसीवर रिले आणि ट्रिप कॉइल जागे असतात, तसंच. "बघ, यांनी पण बॅटरी रूम ठेवलीय," असं मी लेकीला दहा मिनिटं समजावलं. तिने ऐकून घेतलं.

म्हणजे पुरवठा बरा, फॉल्ट पुढे. आता मदरबोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम, मोठा प्लग आणि प्रोसेसरचा आठ पिनांचा प्लग. बटणही नाही, सहाव्या-आठव्या पिनेला स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायचं. टेकवलं. पंखा फिरला, बोर्डवर रॅमचा छोटा दिवा लागला, आमचा दोघांचा श्वास अडकला, दिवा विझला आणि समोरच्या टीव्हीवर बायोसचा, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाचा पहिला पडदा आला. २२.१०, चार्ज, होल्ड.

हिने आतून विचारलं, झालं का, आता झोपू का. झालं, म्हणालो.

झालं नव्हतं. पुन्हा कॅबिनेटमध्ये बसवला आणि पाव फेरा.

समोरच्या यूएसबीच्या, बटणाच्या सगळ्या वायरी काढल्या, स्क्रू ड्रायव्हरने टेकवून पाहिलं. तेच. म्हणजे वायरीही सुटल्या, उरला पत्रा. माझ्याकडे निवृत्त मित्राचा एक मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, पडून आहे आणि खरं सांगतो, क्षणभर हात तिकडे गेला होता. मेगर ५०० व्होल्ट सोडतो. केबलला ठीक आहे, या बोर्डाचा कोळसा झाला असता. साधं मल्टीमीटर घेतलं. पिन भिंतीतून बाहेर, मोठा प्लग काढलेला. एक टोक बोर्डवरच्या सॉकेटच्या १२ व्होल्टच्या पिनेला, दुसरं कॅबिनेटच्या पत्र्याला. मीटर वाजायला लागलं ते थांबेचना. लेकीने स्क्रू सोडवून बोर्ड बोटभर उचलला, आवाज बंद. टेकवला, परत सुरू. सरळ सरळ अर्थ फॉल्ट.

आणि तेव्हा मला आठवलं.

बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून खाली छोटे पितळी खांब असतात, स्टँडऑफ म्हणतात. बोर्डाला जिथे भोक असेल तिथेच खांब. काही कॅबिनेटला आधीच बसवलेले होते, बाकीचे पुडीत होते आणि ते बसवायचं काम माझं होतं. आमच्या बोर्डाला आठ भोकं. खांब बसवून झाल्यावर दोन खांबांमधला एक स्पॅन मला जरा लांब वाटला. मोठा प्लग दाबताना बोर्ड वाकणार, झोळ पडणार. पत्र्याला तिथेच कुठल्या तरी दुसऱ्या मापाच्या बोर्डासाठी आटे पाडलेलं भोक होतं. पुडीत खांब शिल्लक होता. आयुष्यभर लांब स्पॅन दिसला की मधे खांब टाका असं लिहून दिलेलं, मी टाकला. लेकीला विचारलंही नाही. बोर्डच्या पाठीला डाख दिलेली टोकं एखाद मिलिमीटर बाहेर आलेली असतात. त्यांतलं एक बरोबर त्या पितळेवर टेकत होतं.

"बाबा, हे नऊ आहेत," टॉर्च धरून ती म्हणाली.

"हो."

"आठच पाहिजेत."

"हो गं."

नववा काढला. सगळं परत जोडलं, या वेळी खांब तिने मोजले. २३.२०, चार्ज, होल्ड. सकाळी वही उघडली तर 'कारण' या रकान्यात मी लिहिलेल्या 'अर्थ फॉल्ट'च्या पुढे तिच्या अक्षरात होतं : 'जादा खांब. बसवणार : बाबा.'

पॉवरच्या दिव्याची वायर मात्र उलटी लागली आहे. बटणाच्या वायरी कशाही लावल्या तरी चालतं, दिव्याला अधिक-उणे असतं. त्यामुळे कॉम्प्युटर चालू असूनही समोरचा दिवा लागत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, पण लेक मला कव्हर उघडू देत नाहीये.