कपच्या सामन्याला पाहुण्यांचे तिकीट महाग का?

तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रश्न कधी कोल्हापूरच्या नातेवाइकांकडून येतो, तर कधी इथल्या, म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या, मराठी मित्रमंडळींकडून. तो असा: प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत, पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना 30 पौंडांहून महाग तिकीट विकता येत नाही, असे तू सांगतेस. मग एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या सामन्याला त्याच मैदानावर, त्याच अवे एन्डमध्ये, म्हणजे पाहुण्यांसाठी राखलेल्या भागात, बसायला तू अधिक पैसे का मोजतेस? आणि त्यापाठोपाठ हमखास येणारी विचारणा अशी, की एवढे द्यायचेच तर घरी बसून टीव्हीवर सामना का पाहत नाहीस?

आधी ही 30 पौंडांची मर्यादा कुठून आली ते सांगायला हवे, कारण ती कोणी उदारपणे देऊ केलेली नाही. जानेवारी 2013 मध्ये आर्सेनलच्या मैदानावर मँचेस्टर सिटीच्या पाठीराख्यांना एका तिकिटाचे 62 पौंड पडत होते. सिटीला मिळालेल्या तिकिटांपैकी 900 हून अधिक तिकिटे विकली न गेल्यामुळे परत पाठवावी लागली, आणि जे गेले त्यांनी हे कुठे थांबणार असा जाब विचारणारा फलक उभारला. सामना संपल्यावर एका सहायक पंचानेच सिटीच्या खेळाडूंना सुचवले, की त्या लोकांनी 62 पौंड मोजले आहेत, त्यांना भेटून या. त्याच वर्षी पाठीराख्यांच्या देशव्यापी संघटनेने पाहुण्यांचे तिकीट 20 पौंडांच्या वर नसावे अशी मोहीम सुरू केली. फेब्रुवारी 2016 मध्ये लिव्हरपूलने नव्या स्टँडमधल्या काही जागांसाठी 77 पौंडांचा दर जाहीर केला, तेव्हा संघ 2-0 ने पुढे असतानाही हजारो पाठीराखे 77 व्या मिनिटाला उठून क्लबच्या अॅनफिल्ड मैदानाबाहेर चालते झाले. सामना 2-2 असा बरोबरीत सुटला आणि काही दिवसांतच मालकांनी तो दर मागे घेतला. लिव्हरपूलचा वाद घरच्या प्रेक्षकांच्या दराचा होता, पण त्या हवेतच पुढच्या महिन्यात प्रीमियर लीगच्या क्लबांनी पाहुण्यांसाठी 30 पौंडांची मर्यादा मान्य केली. ती 2016-17 च्या हंगामापासून लागू झाली, वेळोवेळी तिची मुदत वाढवली गेली, आणि आकडा मात्र तोच राहिला. इंग्लंडमध्ये दूध, भाडे, रेल्वे अशा सगळ्याच गोष्टी महागत असताना एक किंमत स्थिर राहिली, ती लोकांनी एकत्र येऊन स्थिर ठेवायला लावली म्हणून.

पण हा करार प्रीमियर लीगच्या क्लबांचा आणि प्रीमियर लीगच्या सामन्यांपुरता आहे. एफए कप ही इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनची स्पर्धा, लीग कप ही इंग्लिश फुटबॉल लीगची, म्हणजे प्रीमियर लीगखालच्या तीन श्रेणी चालवणाऱ्या संघटनेची; त्यांचे नियम वेगळे आणि त्यांत अशी मर्यादा नाही. एफए कपमध्ये तिकिटाचा दर दोन्ही क्लबांच्या संमतीने ठरतो, आणि मला खरी अडचण इथेच दिसते. लीगच्या सामन्याचे गेटचे, म्हणजे तिकीटविक्रीचे, उत्पन्न यजमान क्लब स्वतःकडे ठेवतो. कपच्या सामन्यात मात्र खर्च वजा जाता उत्पन्नाचे साधारण 45 टक्के यजमानाला, 45 टक्के पाहुण्या क्लबला आणि उरलेले 10 टक्के स्पर्धेच्या सामायिक निधीत जातात. म्हणजे दर ठरवायला जे दोन पक्ष बसतात, त्या दोघांनाही दर चढा राहिल्याने लाभच होतो. लीगमध्ये माझा क्लब निदान यजमानाकडे माझ्या बाजूने तक्रार करू शकतो. कपमध्ये मी भरलेल्या पैशांत त्याचाही वाटा असतो. ज्याच्या खिशातून हे पैसे जातात, त्या पाठीराख्याचा प्रतिनिधी त्या बैठकीत नसतो.

यावर कोणी म्हणेल, की कपचे तिकीट बऱ्याचदा लीगपेक्षा स्वस्त असते, आणि ते खरे आहे. सुरुवातीच्या फेऱ्यांत हे सामने सीझन तिकिटात, म्हणजे पूर्ण हंगामाच्या एकत्रित तिकिटात, धरलेले नसतात, स्टेडियम भरत नाही, आणि मग क्लब आपणहून दर उतरवतात; 10 किंवा 15 पौंडांत मोठ्या क्लबचे मैदान पाहायला मिळते आणि लहान मुलांना घेऊन कुटुंबे येतात. माझी तक्रार त्या सामन्यांबद्दल नाही. प्रश्न उभा राहतो तो मागणी प्रचंड असते तेव्हा: जवळच्या शहरातला जुना प्रतिस्पर्धी, पाचवी किंवा उपांत्यपूर्व फेरी, किंवा खालच्या श्रेणीतल्या क्लबला अनेक वर्षांनी सोडतीत मिळालेला मोठा प्रतिस्पर्धी. एफए कपमध्ये पाहुण्या क्लबला मैदानाच्या क्षमतेच्या 15 टक्क्यांपर्यंत तिकिटे मागता येतात, त्यामुळे लीगमध्ये जिथे 3,000 माणसे जातात तिथे कपला त्याच्या दुप्पट-तिप्पट जाऊ शकतात. जानेवारी 2010 मध्ये तिसऱ्या श्रेणीत खेळणारे लीड्स मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर 1-0 ने जिंकले, तेव्हा त्यांचे सुमारे 9,000 पाठीराखे तिथे होते. एवढी माणसे कोणत्याही दराला येतील हे क्लबांना ठाऊक असते, आणि मर्यादा हवी ती नेमकी अशाच वेळी.

लहान क्लबांची बाजू मात्र मला हलकी करायची नाही, कारण कपच्या गेटवर क्लब जगल्याची उदाहरणे आहेत. एक्सेटर सिटी 2003 मध्ये इंग्लिश फुटबॉल लीगमधून खाली घसरला, कर्जात बुडाला आणि पाठीराख्यांच्या ट्रस्टने तो चालवायला घेतला. जानेवारी 2005 मध्ये या क्लबने ओल्ड ट्रॅफर्डवर 67,000 हून अधिक प्रेक्षकांसमोर मँचेस्टर युनायटेडला 0-0 असे रोखले. त्या सामन्याच्या आणि नंतर आपल्या मैदानावर झालेल्या रिप्लेच्या, म्हणजे बरोबरीनंतर पुन्हा खेळलेल्या सामन्याच्या, उत्पन्नातून कर्ज फेडण्याचा मार्ग मोकळा झाला. अशा क्लबच्या पाठीराख्याला तिकिटाचे चार पौंड जास्त पडले तर तो ते आनंदाने देतो, कारण ते त्याच्याच क्लबच्या तिजोरीत जातात. पण 2024-25 पासून पहिल्या फेरीपासून पुढचे रिप्लेच बंद झाले. जानेवारी 2025 मध्ये पाचव्या श्रेणीतल्या टॅमवर्थने टॉटनहॅमला 90 मिनिटे गोलशून्य रोखले. जुन्या नियमाने त्यांना लंडनच्या 60,000 हून अधिक क्षमतेच्या मैदानावर दुसरा सामना आणि त्याच्या गेटचा वाटा मिळाला असता. त्याऐवजी जादा वेळ झाला आणि ते 0-3 ने हरले. लहान क्लबांच्या गरजेची ढाल पुढे करून पाहुण्यांचे दर चढे ठेवायचे आणि त्याच क्लबांचे सर्वांत मोठे उत्पन्न नियम बदलून काढून घ्यायचे, या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात, हे मला कोणी पटवून द्यावे.

तिकिटाच्या पलीकडचा खर्च तुम्हाला सांगितला की तुम्ही गप्प होता, म्हणून तोही थोडक्यात लिहिते. 2008 पासून एफए कपचे दोन्ही उपांत्य सामने वेम्बलीला होतात, मग दोन्ही संघ उत्तरेचे असले तरी सगळ्यांनी लंडनला जायचे. एप्रिल 2022 मध्ये लिव्हरपूल आणि मँचेस्टर सिटी यांचा उपांत्य सामना ईस्टरच्या शनिवारी ठेवला गेला आणि रुळांच्या कामामुळे त्या दोन शहरांतून लंडनला थेट गाडीच नव्हती. ओरड झाल्यावर असोसिएशनने 5,000 पाठीराख्यांसाठी 100 मोफत बस दिल्या, पण उरलेल्या हजारोंनी आपापली सोय केली. टीव्हीच्या सोयीने किक-ऑफची वेळ बदलली की आधी घेतलेले स्वस्त रेल्वे तिकीट वाया जाते, रात्रीच्या सामन्यानंतर शेवटची गाडी चुकते आणि मुक्काम करावा लागतो. या सगळ्यावर क्लबांचे पूर्ण नियंत्रण नाही, हे मान्य. तिकिटाच्या दरावर आहे.

मर्यादा घालणे शक्य आहे हे युरोपच्या स्पर्धांनी दाखवले. 2018 मध्ये सेव्हियाने मँचेस्टर युनायटेडच्या पाठीराख्यांकडून 89 पौंड घेतले, म्हणून युनायटेडने सेव्हियाच्या पाठीराख्यांना तोच दर लावला आणि जादा आलेल्या पैशांतून आपल्या लोकांचे तिकीट स्वस्त केले. पुढच्या वर्षी बार्सिलोनाशी 102 पौंडांवरून हाच प्रकार घडला. आपल्या पाठीराख्यांची कदर म्हणून त्याचे कौतुक झाले, पण त्याची किंमत सेव्हिया आणि बार्सिलोनाहून आलेल्या सामान्य माणसांनी भरली, ज्यांनी यातले काहीच ठरवले नव्हते. अखेर युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, पाहुण्यांसाठी मर्यादा आणली आणि नंतर ती खाली आणली: 2024-25 मध्ये चॅम्पियन्स लीगला 60 युरो, युरोपा लीगला 40 आणि कॉन्फरन्स लीगला 20, तर पुढच्या हंगामासाठी पहिल्या दोन स्पर्धांचे आकडे 50 आणि 35. निरनिराळ्या देशांतल्या क्लबांना एका नियमात बांधता येते, तर एकाच देशातल्या दोन क्लबांना का येऊ नये?

आता टीव्हीबद्दल. कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा दोन्हीकडचे पाठीराखे आपापल्या पेठेतून येतात. तिथे पाहुणा असा कोणी नसतोच, त्यामुळे सामन्यासाठी शेकडो किलोमीटर जाणे तुम्हाला विचित्र वाटते, हे मी समजू शकते. पण 2020 च्या उन्हाळ्यात रिकाम्या मैदानांवर सामने सुरू झाले, तेव्हा वाहिन्यांना ध्वनिमुद्रित गोंगाट जोडावा लागला होता, तो आठवून पाहा. टीव्हीवर जो सामना तुम्हाला रंगतदार वाटतो, त्याची निम्मी रंगत एका कोपऱ्यात दाटीने उभ्या असलेल्या आणि नव्वद मिनिटे गाणाऱ्या पाहुण्यांमुळे असते. त्या रंगतीचे पैसे वाहिन्या क्लबांना देतात, आणि ती निर्माण करणाऱ्यांकडून क्लब पुन्हा पैसे घेतात.

माझी मागणी एवढीच आहे, की 30 पौंडांची मर्यादा दोन्ही कप स्पर्धांनाही लावावी. हिशेब करून पाहू. 60,000 क्षमतेच्या मैदानावर 15 टक्के म्हणजे 9,000 पाहुणे. तिकीट 45 पौंडांवरून 30 वर आणले तर एकूण उत्पन्न 1,35,000 पौंडांनी घटेल, आणि प्रत्येक क्लबचे नुकसान त्याच्या 45 टक्क्यांप्रमाणे 60,750 पौंड होईल. प्रीमियर लीगच्या क्लबला ही रक्कम जाणवणारही नाही. पाहुणा क्लब चौथ्या-पाचव्या श्रेणीतला असेल तर त्याला ती नक्की जाणवेल, आणि तेव्हा यजमानाने आपल्या 45 टक्क्यांतून तेवढे 60,750 पौंड त्याला भरून द्यावेत.