बारा बॅगा निघाल्या, दहाच पोहोचल्या

केनियात किसुमूजवळच्या एका शाळेत मुलांचे डोळे तपासायचे आणि गावातल्या वयस्कर माणसांना चाळिशीचे चष्मे द्यायचे, या कामासाठी आम्ही सहा जण जुलैत पुण्याहून निघालो. सोबत प्रत्येकी २३ किलोच्या बारा बॅगा होत्या. नैरोबीत पट्ट्यावर त्यातल्या दहाच आल्या. पुढे कोणी अशा कामासाठी जाणार असेल तर त्यांचे दिवस वाया जाऊ नयेत, म्हणून झालेलं सगळं सविस्तर लिहिते.

मुंबई विमानतळावरच पहिला तास गेला. घरच्या काट्यावर २३ भरलेली एक बॅग काउंटरवर २६ निघाली. मागे रांग खोळंबलेली, आणि आम्ही जमिनीवर बसून चष्म्यांची खोकी या बॅगेतून त्या बॅगेत भरत होतो. लटकवायचा छोटा वजनकाटा घ्या, आणि प्रत्येक बॅग २२ किलोलाच थांबवा.

बॅगा आत गेल्यावर आमच्यातल्या दोघांना परत बोलावणं आलं. एकाच्या बॅगेत पॉवर बँक राहिली होती. ती नेहमी हातातल्या बॅगेतच हवी. १०० वॉट-अवरपर्यंतची चालते, म्हणजे २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक (साधारण ७४ वॉट-अवर) त्यात बसते. दुसरीच्या आईने तीन आठवड्यांच्या स्वयंपाकासाठी खोबऱ्याच्या वाट्या बांधून दिल्या होत्या. २०२२ पासून आपल्याकडे सुकं खोबरं चेक-इनच्या सामानात चालत नाही, कारण त्यात तेल भरपूर असतं आणि ते पेट घेऊ शकतं. वाट्या तिथेच टाकाव्या लागल्या. त्या माउलीने किती मायेने बांधल्या होत्या, ते आठवून वाईट वाटलं.

पावसाचे दिवस म्हणून आम्ही सामान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळणार होतो. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे. हे आदल्या आठवड्यात कळलं म्हणून बरं झालं, सगळं जुन्या कॉटनच्या पिशव्यांत भरलं. बंदी अगदी योग्य आहे, आपणही तिचा मान ठेवावा.

वाटेत आखातात विमान बदलायचं होतं आणि मधे जेमतेम सव्वा तास होता. आम्ही धावत गाठलं, दोन बॅगांना ते जमलं नाही. एकीत माझे कपडे होते. दुसरीत ट्रायल सेट, म्हणजे नंबर काढायच्या भिंगांची पेटी, आणि सोबत डोळे तपासायची बाकी सगळी उपकरणं. ती सगळी एकाच बॅगेत ठेवायची, हे मीच ठरवलं होतं. नीट, जागच्या जागी राहील असं वाटलं होतं. या प्रवासात मला सर्वांत जास्त हीच गोष्ट सांगायची आहे: सामान प्रकाराप्रमाणे वेगळं करू नका, कामाप्रमाणे वाटून टाका. कुठलीही एक बॅग हरवली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू करता आलं पाहिजे. आमचे तयार चष्मे, +१ ते +३ नंबरांचे, नशिबाने चार बॅगांत विखुरले होते. दृष्टी तपासायचा तक्ता माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये होता. म्हणून पहिले दोन दिवस निदान वयस्कर मंडळींचं काम झालं. मुलं मात्र दोन दिवस नुसती येऊन परत गेली. त्यातली काही लांबून चालत आली होती.

बॅग आली नाही तर विमानतळाच्या बाहेर पडू नका. आधी सामानाच्या खिडकीवर जाऊन पीआयआर म्हणजे तक्रारीचा अर्ज भरा. बोर्डिंग पासला चिकटवलेली टॅगची चिठ्ठी दाखवावी लागते, ती कोणी फेकू नये. आम्ही सगळ्या बारा चिठ्ठ्यांचे आणि बॅगांचे फोटो काढले होते, त्यामुळे रंग, आकार, नंबर पटापट सांगता आले. खिडकीवरच्या बाई 'पोले साना' म्हणाल्या. दुसऱ्याच्या त्रासाबद्दल वाईट वाटलं की तिकडे असं म्हणतात. त्या रात्री ते दोन शब्द फार आधाराचे वाटले. अर्जात पत्ता लिहिताना मात्र विचार करा. आम्ही नैरोबीतल्या मुक्कामाचा लिहिणार होतो, पण दुसऱ्या दिवशी तर साडेतीनशे किलोमीटरवर किसुमूला जायचं होतं. मग बॅगा किसुमू विमानतळावर पाठवायला सांगितलं आणि शाळेतल्या शिक्षकांचा फोन नंबर दिला. बॅग फुटली असेल तर ७ दिवसांत आणि उशिरा आली तर हातात पडल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. मधल्या काळात घ्याव्या लागलेल्या वस्तूंची बिलं जपून ठेवा.

नैरोबी साधारण १,८०० मीटर उंचीवर आहे आणि जुलै हा तिथला थंडीचा महिना. अंगावर एक सुती कुडता घेऊन मी रात्रभर कुडकुडले. सकाळी मितुंबाच्या बाजारात गेलो. परदेशांतून गठ्ठ्यांनी येणाऱ्या वापरलेल्या कपड्यांना तिथे मितुंबा म्हणतात. चांगला लोकरीचा स्वेटर स्वस्तात मिळाला. पण तिथले कपड्यांचे डोंगर बघून मी गप्प झाले, कारण आमच्या दोन बॅगा वाटायला आणलेल्या जुन्या कपड्यांनीच भरल्या होत्या. त्या ४६ किलोंत दुसरा ट्रायल सेट सहज आला असता. ज्या गावी जाल तिथल्या माणसांना आधी विचारा, काय आणू आणि काय नको.

हातातल्या बॅगेत एक जोडी कपडे, स्वेटर, रोजची औषधं आणि पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला ठेवाच. लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. परत येताना तो दाखला आपल्याकडे मागतात आणि नसेल तर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. वाटायच्या सामानाची यादी आणि तिकडच्या शाळेचं पत्रही जवळ असू द्या. कस्टम्सच्या माणसाने आमच्याकडे दोन्ही मागितलं आणि पाच मिनिटांत सोडलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही बॅगा किसुमूत आल्या. एक भिंगही फुटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सात वाजता शाळेच्या व्हरांड्यात पेटी उघडली, तेव्हा परत गेलेली बहुतेक मुलं पुन्हा रांगेत उभी होती. निघताना ट्रायल सेट तिथल्या दवाखान्यातच ठेवून आलो. नैरोबीच्या काउंटरवर माझी बॅग ९ किलो भरली.